जुन्या पिकअपचा हीटर दर हिवाळ्यात थंड का पडतो : लक्षणांपासून कोअरपर्यंत

इंजिन तापलेले असते, तापमानाचा काटा वर आलेला असतो, खटका दाबला की ब्लोअरही फिरतो. पण पायांवर येणारी हवा मात्र बाहेरच्या हवेइतकीच गार असते. जुन्या पिकअपच्या हीटरची ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे आणि एकदा दुरुस्त केली तरी पुढच्या हिवाळ्यात ती हटकून परत येते. ती परत का येते, हेच मला इथे मुख्यतः सांगायचे आहे.

ग्वाल्हेरला आमच्या घरी १९५१ सालचा शेवरले ३१०० पिकअप आहे. वडिलांनी तो दाल बाजारातल्या धान्याच्या पेढीसाठी जुनाच विकत घेतला होता. आता तो मळ्यावर जातो, घरच्या कार्यांना सजून उभा राहतो आणि थंडीत दतिया-झाशीकडच्या फेऱ्या करतो. तानसेन समारोहाचे दिवस जवळ आले, म्हणजे डिसेंबर लागला, की मी पाने-पकड घेऊन त्याच्या हीटरपाशी बसतो, असे गेली पंधरा वर्षे चालले आहे. आमच्या गाडीखेरीज ओळखीच्या लोकांच्या जुन्या फार्गो, विलीज आणि महिंद्रा गाड्यांतही मी हाच बिघाड अनेकदा काढला आहे. या सगळ्यातून माझे एक ठाम मत झाले आहे : हीटर थंड पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष हीटरच्या डब्यात नसतो, तो इंजिनातल्या पाण्यात असतो.

हीटर ही आमच्याकडे चैन नाही. डिसेंबर-जानेवारीत इथले किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरते, आणि आग्रा किंवा झाशी रस्त्यावर पहाटे इतके दाट धुके असते की पुढची काच आतून धूसर झाली तर समोरची ट्रॉली दिसतच नाही. काच कोरडी ठेवणारी गरम हवा हा ब्रेकइतकाच गरजेचा भाग आहे, असे मी मानतो.

आधी लक्षण ओळखा

हीटर चालत नाही एवढेच म्हणून भागत नाही. हवा कधीच गरम होत नाही, की गाडी वेगात असताना गरम होते आणि सिग्नलला उभी राहिली की गार पडते, हे पाहावे. पहिल्या प्रकारात पाणी कोअरपर्यंत, म्हणजे हीटरच्या आतल्या लहान रेडिएटरपर्यंत, पोहोचतच नाही किंवा इंजिनच पुरेसे तापत नाही. दुसऱ्यात पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप अशक्त झाला आहे. हवा सुरुवातीला गरम येऊन दहा मिनिटांनी गार पडत असेल आणि डॅशबोर्डखालून खळखळ ऐकू येत असेल, तर हवा अडकल्याचा संशय पहिला.

तापमानाचा काटा अर्ध्यावरही येत नसेल, तर हीटरला हात लावण्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणारी झडप, पाहावा. हवेचा झोतच कमी असेल, तर दोष विजेच्या किंवा हवेच्या वाटेत आहे, पाण्याच्या नाही. आणि केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेवर पुसूनही न जाणारा चिकट थर धरत असेल, पायाखालची चटई ओली होत असेल, तर कोअर गळते आहे. या शेवटच्या लक्षणावर खालच्या सोप्या तपासण्या करीत बसण्यात अर्थ नाही. सरळ कोअरच्या भागाकडे जावे.

हे समजण्यासाठी रचना डोळ्यांसमोर असावी. हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली टांगलेला एक लहानसा रेडिएटर आणि त्याच्या मागे पंखा. इंजिनच्या हेडवरून गरम पाणी एका कॉकमधून निघते, रबरी नळीने इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा ओलांडून केबिनमधल्या कोअरमध्ये जाते आणि दुसऱ्या नळीने वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येते. या फेरीत कुठेही पाणी अडले, तर पंखा नुसती गार हवा ढवळत राहतो.

पाण्याची पातळी

ही तपासणी फुकट आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात, तरीही सर्वांत जास्त वेळा हीच राहून जाते. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, रेडिएटरचे झाकण उघडून पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे उकळबिंदूच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते. असा भाजलेला एक हात मी अगदी जवळून पाहिला आहे.

पातळी का महत्त्वाची? बहुतेक जुन्या गाड्यांत हीटरची कोअर इंजिनातल्या पाण्याच्या वरच्या पातळीच्या आसपास टांगलेली असते. पाणी दीड-दोन लिटर कमी झाले तरी इंजिन तापत नाही, काटा ठीक दिसतो, पण हवा सर्वांत आधी कोअरमध्ये शिरते. म्हणजे हीटर थंड पडणे ही पाणी कमी होत असल्याची पहिली सूचना असते. पाणी भरावे, आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. पुन्हा कमी झाले तर ते कुठे जाते हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

झाकण हातात असताना त्यावरचा आकडाही वाचावा. त्या काळच्या पितळी रेडिएटरना ४ ते ७ पौंड दाबाची झाकणे असतात. आजच्या गाडीचे १३ किंवा १५ पौंडांचे झाकण त्यावर बसते, म्हणून ते लावून देणारे भेटतात. त्या दाबाने रेडिएटरचा डाख (झाळलेला जोड) सुटतो किंवा हीटरची कोअर फुटते.

दोन नळ्यांवर हात

एकच तपासणी करायची असेल, तर मी ही करीन. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी, कॉक पूर्ण उघडा ठेवावा, गाडी न्यूट्रलमध्ये हँडब्रेकवर उभी करावी आणि इंजिन चालू असताना पत्र्यापाशी हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. शालीचे टोक, मफलर, सैल बाही पंख्याच्या पट्ट्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी. थंडीच्या दिवसांत हे विसरायला होते.

दोन्ही नळ्या सारख्याच चटका देणाऱ्या असतील तर पाणी नीट फिरते आहे, दोष हवेच्या बाजूला आहे. एक चटका देणारी आणि दुसरी कोमट असेल तर कोअर आतून तुंबली आहे. एक गरम आणि दुसरी अगदी गार असेल तर वाट पूर्ण बंद आहे. दोन्ही गार असतील तर कॉक बंद आहे, हवा अडकली आहे किंवा पंप पाणी ढकलत नाही. दोन्ही कोमट असतील आणि काटाही खालीच असेल, तर इंजिनच तापत नाही. एवढ्या एका स्पर्शाने पुढचे निम्मे काम वाचते, म्हणून कोणतेही बोल्ट सैल करण्याआधी हे करावेच.

कॉक आणि केबल

उन्हाळ्यात केबिन तापू नये म्हणून एप्रिलमध्ये आपणच हेडवरचा कॉक बंद करतो आणि डिसेंबरपर्यंत ते विसरून जातो. मी स्वतः एकदा अर्धा दिवस कोअरवर घालवल्यावर कॉक बंद असल्याचे लक्षात आले. आठ महिने न हललेला कॉक क्षारांनी जागच्या जागी धरतो. दांडी फिरते, पण आतली चकती फिरत नाही. केबलने चालणाऱ्या कॉकवर आणखी एक गोष्ट पाहावी. मदतनिसाला डॅशबोर्डवरचा दांडा ओढायला सांगून आपण बॉनेटखाली कॉककडे पाहावे. केबलच्या बाहेरच्या वेटोळ्याला धरणारी क्लिप सैल झालेली असते, तेव्हा आतली तार सरकण्याऐवजी आख्खी केबलच पुढेमागे होते आणि कॉक जागचा हलत नाही. क्लिप आवळली की काम संपले.

पंखा, फ्यूज आणि हवेची वाट

दोन्ही नळ्या गरम असतील तरच इथे वेळ घालवावा. प्रथम फ्यूज काढून त्याची दोन्ही टोके घासून स्वच्छ करावीत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद लावू नये. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती डॅशबोर्डच्या मागे जळेल.

आमच्या गाडीसारखी ६ व्होल्टची यंत्रणा असेल तर तारांच्या जोडांकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. तेवढ्याच शक्तीला ६ व्होल्टवर १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे गंजलेल्या एका अर्थिंगच्या जोडावर निम्मी ताकद संपते. ब्लोअर चालू ठेवून मोटरच्या दोन टोकांवर मीटर लावावा. बॅटरीवर ६.३ आणि मोटरवर ४.५ दिसत असेल, तर मोटर निर्दोष आहे. डबा जिथे पत्र्याला आवळलेला आहे तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातूवर अर्थिंग द्यावे. गाडी १२ व्होल्टवर नेलेली असेल आणि ब्लोअर मूळचा ६ व्होल्टचाच असेल, तर तो आज जोरात फिरेल आणि थोड्याच दिवसांत जळेल.

हवेच्या वाटेत मला कडुलिंबाची पाने, धान्याची टरफले आणि एकदा उंदराचे पूर्ण घरटे सापडले आहे. कोअरच्या पत्रींवर साचलेली धूळ मऊ ब्रशने बाहेरून काढावी. पत्री वाकवू नये. ज्या हीटरला बाहेरची हवा घेण्याची सोय नाही, जो केबिनमधलीच हवा फिरवतो, त्यात दोन माणसांच्या श्वासाची वाफ काचेवरच येते. तिथे दोष शोधत बसण्याऐवजी खिडकी बोटभर उघडी ठेवावी.

थर्मोस्टॅट : आहे का तरी?

आमच्याकडच्या जुन्या गाड्यांत या बिघाडाचे मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडले आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गाडी तापते, रस्त्याकडेचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि ‘आपल्याकडे याची गरजच नाही’ असे सांगतो. आमच्या गाडीतलाही एका गॅरेजमध्ये असाच काढला गेला होता आणि मला ते दोन हिवाळ्यांनंतर कळले.

थर्मोस्टॅटचे काम समजले की त्याची गरज पटते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणून पाणी इंजिनातच राहून लवकर तापते. ठरलेल्या तापमानाला पोहोचले की तो उघडतो. तो नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, आणि जानेवारीच्या पहाटे ६० किलोमीटरच्या वेगाने जाताना रेडिएटर ते इतके गार करतो की हीटरला द्यायला उष्णता उरतच नाही. शिवाय इंजिन सतत थंड चालले की पेट्रोल जास्त लागते, तेलात ओल आणि पेट्रोल उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. उन्हाळ्यात गाडी तापत होती त्याचे खरे कारण तुंबलेला रेडिएटर हे होते. थर्मोस्टॅट काढल्याने ते कारण तसेच राहिले आणि हीटर मात्र गेला.

इंजिन थंड असताना पाण्याची पातळी थोडी उतरवून, हेडच्या पुढच्या टोकाला वरची मोठी नळी जिथे सुरू होते तिथले टोपण काढावे. बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि बोल्ट हलला नाही तर जोर करू नये. तापमानाच्या काट्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी जवळपास असते. ती पोकळ असून आत द्रव भरलेला असतो. ती मुडपली किंवा तुटली की काटा कायमचा गेला.

थर्मोस्टॅट निघाला तर स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात त्याची परीक्षा घ्यावी. दोऱ्याने पाण्यात असा टांगावा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे. पत्र्यावर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे झडप सुटू लागली पाहिजे आणि त्यानंतर सुमारे दहा अंशांत ती पूर्ण उघडली पाहिजे. थंड असतानाच ती उघडी असेल तर हीटर का चालत नव्हता ते कळलेच. उकळत्या पाण्यातही उघडत नसेल तर तो थर्मोस्टॅट परत बसवणे धोक्याचे आहे. जुन्या गाड्यांना ७१ अंशांचा थर्मोस्टॅट पुष्कळदा असतो, कारण त्या काळी थंड देशांत वापरायचे अल्कोहोलचे मिश्रण जास्त तापमानावर उडून जात असे. आज ग्लायकॉलच्या कूलंटबरोबर, रेडिएटर स्वच्छ असेल तर, ८२ अंशांचा बसवता येतो, आणि हीटरला त्याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवावी आणि पॅकिंग नवे घ्यावे.

जुने पॅकिंग कोरडे खरवडू नये. त्या काळच्या पॅकिंगमध्ये आणि पत्र्यावरच्या उष्णतारोधक थरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते भिजवून, ओले असतानाच काढावे आणि फुंकर किंवा हवेचा पंप मारू नये.

अडकलेली हवा

पाणी बदलल्यावर हीटर बंद पडला असेल तर हेच कारण. गाडीचे नाक वर येईल अशी चढावर उभी करावी. उरवाई दरवाजाकडून किल्ल्यावर जाणारा रस्ता यासाठी सुचवणारे आहेत, पण तो अरुंद आहे. गल्लीतला एखादा साधा चढ किंवा पुढच्या चाकांखाली भक्कम फळ्या पुरतात. मागच्या चाकांमागे दगड किंवा ठोकळा लावावा. थंड इंजिनाचे झाकण उघडून, कॉक पूर्ण उघडा ठेवून इंजिन सुरू करावे, पाणी पुरते तापण्याआधीच हीटरच्या नळ्या हाताने आलटूनपालटून दाबाव्यात आणि पातळी उतरेल तसे भरत राहावे. हवा हट्टाने राहिली तर इंजिन बंद करून परतीच्या नळीची क्लिप कोअरपाशी सैल करावी, रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहावे आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की ती आवळावी.

बुडबुडे थांबतच नसतील, इंजिनाचा वेग वाढवला की रेडिएटरमध्ये तेही वाढत असतील, तर ही अडकलेली हवा नव्हे. सिलिंडरचा धूर पाण्यात येतो आहे. पुढचे काम माझे किंवा तुमचे नाही.

तुंबलेली कोअर धुणे

आमच्या भागातले बोअरचे पाणी खारे आहे. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो तोच थर गाडीत धरतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. रेडिएटरच्या नळ्यांपेक्षा हीटरच्या नळ्या बारीक असतात, म्हणून आधी त्या बुजतात. दर वेळी पाणी कमी झाले की आपण नळाखालची बादली ओततो, म्हणजे दर वेळी नवे क्षार आत घालतो. हीटर दरवर्षी का थंड पडतो याचे उत्तर बहुतांशी त्या बादलीत आहे.

दोन्ही नळ्या पत्र्यापाशी काढाव्यात. जुनी नळी ओढून काढू नये. कोअरचे टोक पातळ पितळेचे असते आणि ते पिळले की डाख सुटतो. नळीला उभा छेद देऊन ती सोलून काढावी आणि नवी घालावी. ती स्वस्त आहे, कोअर नाही. मग बागेचा पाइप पाण्याच्या नेहमीच्या दिशेच्या उलट टोकाला धरून बारीक धार सोडावी. उलट दिशा अशासाठी, की ज्या कडेला कचरा अडकला आहे तिकडूनच तो बाहेर ढकलला जावा. पाण्याच्या मोटरचा पूर्ण दाब किंवा गाडी धुण्याचा पंप अजिबात लावू नये.

दुसऱ्या टोकाखाली मी नेहमी स्टीलची परात ठेवतो. पहिल्यांदा चहासारखे तांबूस पाणी आले, मग काळसर गाळ, आणि शेवटी चुन्याचे पापुद्रे, अंड्याच्या कवचासारखे पातळ आणि कडक. बोटांत धरून मोडले तर कट्कन आवाज व्हायचा. त्या पापुद्र्यांत पिवळट गोळेही होते. ते गोळे हळदीचे होते. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकायची हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. त्याने भोक तात्पुरते बुजते, पण हळदीला भोक आणि बारीक नळी यांतला फरक कळत नाही. गळती थांबवणाऱ्या विकतच्या पुडीचेही तेच. आडरानात घरी पोहोचण्यासाठी ते वापरले तर घरी आल्यावर पाणी लगेच बदलावे.

नुसत्या पाण्याने भागले नाही तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून कोअरमध्ये भरावे, वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे, पुन्हा उलट दिशेने धुवावे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याचे पाणी घालून पुन्हा स्वच्छ धुवावे. फरशी धुण्याचे तेजाब वापरणारे कारागीर आहेत. ते क्षारांबरोबर डाखाचे जोड आणि लोखंडही खाते, आणि कोअर स्वच्छ होऊन गळू लागते. नाली साफ करण्याचा कॉस्टिकही तसाच टाळावा.

धुणे पुरेसे झाले की नाही हे ठरवण्यासाठी मी नरसाळे कोअरपेक्षा हातभर उंच धरून एक लिटर पाणी ओततो आणि ते उतरायला किती सेकंद लागले हे लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी तोच आकडा दीडपट झाला असेल, तर हीटर थंड पडायच्या आधीच धुण्याची वेळ झालेली असते.

काढलेला जुना कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नये. त्याची चव गोडसर असते, गल्लीतली कुत्री आणि गाई तो चाटतात, आणि तो विष आहे. बंद डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवून गॅरेजमध्ये द्यावा.

पट्टा आणि वॉटर पंप

कोअर मोकळी आहे, हवा काढली आहे, तरी गाडी उभी असताना हीटर गार पडतो आणि वेग वाढवला की तापतो; असे असेल तर पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. मधोमध साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. पट्टा ठीक असेल तर पंपाकडे वळावे. त्याच्या खालच्या बाजूला एक लहान भोक असते. तिथून थेंब येत असतील तर आतले सील गेले आहे. इथले मिस्त्री पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चाललेल्या पंपात फिरकीची पाती गंजून निम्मी झालेली मी पाहिली आहेत. बाहेरून पंप अगदी निरोगी दिसत होता. पंप काढणे अवघड नाही, पण त्याचे बेअरिंग आणि सील दाबून बसवायला प्रेस लागते. इथे मी काम कारागिराकडे देतो.

कोअर गळत असेल तर

लगेच करण्याजोगी गोष्ट म्हणजे कोअरच्या दोन्ही नळ्या काढून कॉकपासून पंपापर्यंत एकच नळी जोडणे, किंवा कॉक बंद करून परतीचे तोंड बुजवणे. गाडी हीटरशिवाय सुरक्षित चालते. गळक्या कोअरवर मात्र चालवू नये, कारण काचेवरचा तो चिकट थर रात्री समोरच्या दिव्यांत पसरतो आणि काहीच दिसेनासे होते.

कोअर काढून रेडिएटरच्या कारागिराकडे न्यावी. तो टोके बंद करून, आत थोडी हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवतो आणि बुडबुड्यावरून भोक दाखवतो. एक-दोन ठिकाणी असेल तर डाख देऊन भागते. नळ्याच पातळ झाल्या असतील तर पितळेची नवी कोअर बांधून घ्यावी. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९५४ मध्येच बंद झाला, तेव्हा तयार भाग शोधण्यापेक्षा बांधून घेणे सोपे पडते. घरी टॉर्चने डाख देण्याचा प्रयत्न मी एकदा केला. एक भोक बुजले आणि उष्णतेने शेजारचे तीन जोड सुटले.

कुठे थांबावे

पाणी कमी होते पण कुठेही ओल दिसत नाही. तेलाच्या पट्टीवर किंवा तेलाच्या टोपणाखाली दुधाळ फेस आहे. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. यांतले एकही दिसले तर हेडचे पॅकिंग गेले असण्याचा किंवा हेडला तडा असण्याचा संशय घ्यावा. गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी, आणि जुन्या इंजिनांचे हेड उतरवून सपाट करून देणारा मिस्त्री गाठावा.

टोपणाचा बोल्ट हेडमध्ये तुटला, तर तिथेच थांबावे. हेड ओतीव लोखंडाचे असते, आणि घरच्या ड्रिलने वाकडे पाडलेले भोक दुरुस्त करणे तुटलेला बोल्ट काढण्यापेक्षा महाग पडते. डॅशबोर्डमागून जळका वास आला, तर बॅटरीची तार काढून वायरमनला बोलवावे.

आणि हीटर चालू केल्यावर केबिनमध्ये धुराचा वास आला, किंवा बसलेल्यांचे डोके जड होऊ लागले, तर गाडी बाजूला घेऊन दारे उघडावीत आणि हीटर दुरुस्त करण्याचा विचार त्या दिवशी सोडून द्यावा. सायलेन्सरच्या गळतीतून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला स्वतःचा वास नसतो आणि बंद काचांच्या केबिनमध्ये तो झोप आल्यासारखा माणूस मारतो. याच कारणाने वरच्या सगळ्या तपासण्या उघड्यावर कराव्यात, थंडी असली तरी गॅरेजचे दार लावून इंजिन चालवू नये.

दुरुस्तीनंतर काय भरावे

पाणी गोठण्याची भीती आपल्याकडे नाही, म्हणून कूलंट नको असे म्हणणारे बरेच भेटतात. कूलंट इथे हवा तो त्यातल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. पितळी रेडिएटर आणि पितळी कोअर असलेल्या गाडीला जुन्या पद्धतीचा हिरवा कूलंट घ्यावा, एक भाग कूलंटला दोन भाग पाणी पुरते, आणि हे पाणी बॅटरीत घालायचे शुद्ध पाणीच असावे. तिघ्रा धरणाच्या नळाचे नको, बोअरचे तर नकोच. त्या मिश्रणाचा एक लिटरचा डबा गाडीत सीटमागे ठेवावा, म्हणजे वाटेत कमी पडले तर ढाब्यावरची बादली ओतण्याची वेळ येत नाही. गंजरोधक द्रव्ये दोन वर्षांत संपतात; मी भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो, शेजारी नरसाळ्याच्या परीक्षेचे सेकंदही लिहितो, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला एकदा हीटरचा कॉक पूर्ण उघडून पुन्हा बंद करतो.